मोरूच्या नावावरचा हात

कापडे गावच्या भैरीच्या देवळापुढे जुने वीरगळ ओळीने उभे होते. लढाईत पडलेल्यांचे ते दगड. दर अमावस्येला कुशाबा गुरव त्यांना तेलात कालवलेला शेंदूर लावी. त्याच्या डाव्या हाताची अर्धी करंगळी कोयत्याने गेलेली होती. बासष्ट साली दिवाळीच्या आधी त्याच ओळीत एक नवा दगड बसला. पलटणीत गेलेल्या गावच्या सगळ्यांची नावं त्यावर होती, मेलेल्यांची आणि जिवंतांचीही.

मोरूचं नाव घालू नका, असं तुळजाबाईने सरपंच महिपतीला विनवलं होतं. तिचा मोरू चीनच्या सरहद्दीवर होता आणि दसऱ्यापासून त्याची खबर नव्हती. ब्रह्मदेशात लढून आलेला महिपती हसला.

"माजं बी नाव हाय की दगडावर. मी मेलेला दिसतो का गो वैनी?"

"तुमी परत आलाव भावजी, मग नाव लागलं. माजा अजून यायचा हाय."

नाव लागलंच. दिवाळीच्या अमावस्येला वीरगळ संपवून कुशाबा सवयीने नव्या दगडाकडे वळला, तेव्हा तुळजाबाईने 'मोरू'वर तळवा ठेवला. ओळीतला दगड कोरडा ठेवायचा नसतो, असं त्याने समजावलं. दगडाला काय कळतंय, असंही म्हणाला. ती हलेना. शेवटी त्याने तिच्या बोटांभोवतीने शेंदूर फिरवला. पुढचं बापाचं नाव 'भागोजी' लाल झालं. त्याचं तिला भय नव्हतं. तिचा नवरा केव्हाच गेला होता.

लढाई थांबल्याचं रेडिओवर आलं. मोरूची खबर आली नाही. पुढच्या अमावस्येलाही ती तशीच नावावर हात ठेवून बसली. बायका तिला खुळी म्हणू लागल्या.

पौषात ती तापाने पडली. उठली तेव्हा अमावस्या उलटून गेली होती. कुडाला धरत, थांबत ती देवळापाशी पोचली. मान वर करायचा धीर होईना.

दगडावर ताजा शेंदूर होता. 'मोरू'वर मात्र तळव्याएवढी जागा कोरडी होती. तिच्या हाताहून मोठी, आणि करंगळी अर्धीच.

तिला आधी बरं वाटलं. मग धास्ती वाटली. आपली भीती म्हणजे खुळेपणा, असं सगळे सांगत होते आणि तेच खरं असावं, एवढाच तिला आधार होता. पण दगडाला काय कळतंय म्हणणाऱ्या कुशाबानेही हात ठेवला होता. कुणी बघत नसताना.

तिने त्या कोरड्या जागेवर तळवा टेकला. दगड गार होता. हात उचलायचं तिला धाडस झालं नाही.