लालगळ्याची साक्ष

हवालदारबाई पोलिसात कधीच नव्हत्या. त्या घरी बसून पडदे शिवायच्या. पण भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघणारी आणि शेजारणीनं सहज ‘कशा आहात?’ म्हटलं तरी ‘का? काय झालं?’ असं विचारणारी बाई गल्लीत दुसरी नव्हती, म्हणून हे नाव. त्यांची नावाला हरकत नव्हती. ‘मला अजून कोणी फसवलेलं नाही,’ असं त्या वर ऐकवायच्या.

त्यांचे यजमान शाळेची बस चालवायचे. पोरं त्यांना बसकाका म्हणायची, आणि पोरांचं ऐकून सगळी गल्लीही. माणूस गरीब गाय. वेड एकच, पक्ष्यांचं. मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, कपड्यांच्या दोरीच्या खांबाला त्यांनी दाण्यांचा डबा टांगला होता. एरवी त्यावर चिमण्या भांडायच्या. थंडी ओसरायला लागली की लांबून परतणारे पाहुणे उतरायचे, आणि त्यात पहिला मान लालगळ्याचा. दिसायला चिमणीएवढाच, पण गळ्याला लाल पट्टा आणि आवाजात लांब शीळ.

या लालगळ्यावरून बसकाका आणि हवालदारबाईंचा धाकटा भाऊ यांच्यात दरवर्षी चुरस असायची. भाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला घड्याळं दुरुस्त करायचा, त्याच्याही अंगणात असाच डबा होता. ज्याला लालगळ्या आधी दिसेल तो जिंकला, हरलेल्यानं दोन्ही घरांना जेवू घालायचं. अट एवढीच की घरातल्या आणखी कोणीतरी तो डोळ्यांनी बघितलेला असला पाहिजे. नुसत्या भावोजींच्या शब्दावर भाऊ विश्वास ठेवायचा नाही. ताई हो म्हणाली, की विषय संपला.

यंदा अजून स्वेटरही कपाटात गेले नव्हते, तोच एका सकाळी खिडकीशी चहा पिता पिता बसकाका म्हणाले, “आला गं लालगळ्या! डब्यावरच बसलाय.”

हवालदारबाई कात्री टाकून धावल्या. डब्यावर दोन चिमण्या होत्या.

“कुठे आहे?”

“उडाला असेल. तू येतेस ती धाडधाड पाय आपटत.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मात्र त्या सकाळपासून खिडकीशी डोळ्यांत तेल घालून उभ्या राहिल्या. बसकाका मागून येऊन म्हणाले, “बघ, बघ, कसा ऐटीत दाणा सोलतोय!” डब्यावर एक मळकट चिमणी होती. तिच्या गळ्याला लाल काय, धड तपकिरीही रंग नव्हता.

हवालदारबाईंच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस चक्क तोंडावर खोटं बोलत होता. आणि जो चिमणीबाबत खोटं बोलतो, तो आणखी कशाकशाबाबत बोलत असेल?

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. पेपर वाचायचा यांनी कधी सोडला? ‘बातम्या काय, त्याच त्या,’ म्हणाले होते. शाळेच्या फाटकाला बस घासून आणली, तेव्हा म्हणाले, फाटकच अरुंद केलंय. फाटक होतं तेवढंच होतं, त्या स्वतः जाऊन बघून आल्या होत्या. आणि हल्ली मोबाइल अगदी नाकाशी नेऊन, पाठ फिरवून बघायचे. पाठ कशाला फिरवायची? या वयात बाई-बिई? ते आंघोळीला गेल्यावर त्यांनी मोबाइल उघडला. शाळेचे निरोप आणि पक्ष्यांचे फोटो, बाकी काही नाही. त्यानं संशय आणखीच वाढला, कारण इतका स्वच्छ मोबाइल कोणाचा असतो?

संध्याकाळी भावाचा फोन आला. “ताई, भावोजी म्हणतात लालगळ्या आला. इतक्या लवकर? तू बघितलास का? तू हो म्हण, मी लगेच जेवायला बोलावतो.”

समोर बसकाका हसत मान हलवत होते, सांग ना, म्हणून.

“उद्या सांगते,” हवालदारबाई म्हणाल्या.

जेवणाचं त्यांना काही नव्हतं. पण साऱ्या जगावर पहारा ठेवताना या एका माणसावर त्यांनी तो कधीच ठेवला नव्हता. घरात आल्यावर निदान इथे तरी डोळे मिटून बसता येतं, असं त्यांना वाटायचं. तेच गेलं तर राहिलं काय? रंगेहाथ पकडायचं आणि सोक्षमोक्ष लावायचा, असं त्यांनी ठरवलं.

सकाळी बसकाका दाढी करत असताना त्यांनी खांबावरचा डबा काढला आणि पडद्यांच्या कापडाखाली लपवला. मग शिवणयंत्राशी जाऊन बसल्या. बसकाका चहाचा कप घेऊन खिडकीशी आले, थोडा वेळ उभे राहिले आणि खुशीत म्हणाले, “आज जोडीनं आलेत. डब्यावर दोघांची मारामारी चाललीये बघ.”

सापडला! हवालदारबाई तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची नजर नवऱ्याच्या चेहऱ्यावर गेली. खोटं बोलणारा माणूस समोरच्याचं तोंड बघतो, पटलं की नाही ते. त्यांनी असे खूप बघितले होते. हे मात्र मान वाकडी करून, काचेला कान लावल्यासारखे उभे होते, आणि मनापासून हसत होते. मग बाईंनाही ऐकू आली, कुंपणाच्या झुडपातून एक लांब शीळ, तिच्यामागे दुसरी. लालगळ्या खरोखरच आला होता. तो झुडपात होता, आणि खांब रिकामा होता.

पेपर, फाटक, नाकाशी धरलेला मोबाइल. इतके दिवस त्या चुकीच्या गोष्टीवर पहारा ठेवत होत्या.

बसकाकांनी कप ठेवला आणि चाचपत खिळ्यावरची बसची किल्ली काढली.

“अहो, डबा कुठे आहे?”

“हा काय समोर.”

“डबा माझ्या पडद्यांच्या कापडाखाली आहे. मी काढून ठेवलाय.”

बसकाका पुन्हा खिडकीकडे वळले. मग म्हणाले, “माझी परीक्षा घेतलीस?”

“घेतली. कधीपासून दिसत नाही?”

“दिसतं गं. कडेचं दिसतं. मधोमध धूर असल्यासारखं आहे, थंडी सुरू झाल्यापासून.”

“डॉक्टरला दाखवलं?”

“दाखवलं असतं तर बस गेली असती हातची. अगं, रस्ता मला तोंडपाठ आहे. खड्डान् खड्डा माहीत आहे.”

“आणि पोरं? एखादं मध्ये धावत आलं तर?”

“पोरं गप्प असतात का कधी? ओरडतच असतात. मला ऐकू येतं.”

“जे ओरडत नाही ते?”

बसकाकांच्या हातातली किल्ली वाजायची थांबली. ते हळूच खुर्चीवर बसले. “शेवटच्या थांब्यावर एक बुटकी असते,” ते म्हणाले. “बोलतच नाही कधी. दार उघडून मी वाट बघत बसतो, पायरीवर तिचे बूट वाजेपर्यंत.” किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली आणि बायकोकडे सरकवली.

हवालदारबाईंना रडू येत होतं आणि रागही येत होता, नवऱ्याचा की स्वतःचा, ते कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा आपला संशय खोटा निघावा असं त्यांना वाटलं होतं, आणि तो निघालाही, पण हे असं. त्यांनी शाळेचा नंबर लावला.

“ताप आलाय म्हणून सांग,” बसकाका खालच्या आवाजात म्हणाले. “आजच्यापुरतं. मी उद्या स्वतः जाऊन बोलतो त्यांच्याशी. माझ्या तोंडानं सांगू दे.”

उद्या. हवालदारबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. हा माणूस उद्या खरंच जाईल का? चार दिवसांपूर्वी हा प्रश्न त्यांना पडलाच नसता.

पलीकडून शाळेच्या बाईंनी विचारलं, “काय हो, बसकाका निघाले ना? बरे आहेत ना?”

“बरे आहेत,” हवालदारबाई म्हणाल्या. “पण त्यांना नीट दिसत नाही. दुसरा ड्रायव्हर बघा. आजच्यापुरता नको, कायमचाच.”