पर्वतीवरचं मोहोळ

सासऱ्यांना पुणं दाखवायचं काम नम्रतावर आलं, कारण त्या शनिवारी तिच्या नवऱ्याच्या, अनिरुद्धच्या, ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज होती आणि तो लॅपटॉपवरून मान वर करायला तयार नव्हता. "आधी पर्वती, मग शनिवारवाडा, वेळ उरला तर कात्रजचे वाघ," एवढं सांगून त्याने कानात हेडफोन घातले.

सुखदेवराव वर्ध्याहून येऊन आठवडा झाला होता. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, मुळात अबोल, बायको गेल्यापासून आणखीच गप्प. नम्रता नारायण पेठेतली. तिच्या लग्नाला माहेरचं कुणी आलं नव्हतं. सुखदेवराव मात्र बुद्धविहाराच्या दारात उभं राहून तिला "या" म्हणाले होते, आणि तीन वर्षांत दोघांचं बोलणं त्या "या"च्या पुढे फारसं सरकलं नव्हतं. एकट्याने त्यांच्याबरोबर दिवसभर काय बोलायचं, याचीच तिला सकाळपासून धास्ती होती.

पर्वतीच्या पायऱ्या ते एका पायावर भार देत, गुडघा दाबत चढले. वर देवळापाशी थांबून म्हणाले, "तुमी या जाऊन दर्शनाले. मी आहे इथं." ती म्हणाली, "नको बाबा, आपण वाडाच बघू." मग दोघं पेशव्यांच्या वाड्याच्या पडक्या भिंतींकडे गेले. खाली सगळं शहर पसरलेलं, लांब सिंहगडाचा टॉवर दिसत होता.

"दुसऱ्या बाजीरावाने खडकीची लढाई इथून पाहिली म्हणतात," नम्रता म्हणाली.

"इथून?" सुखदेवरावांनी कमानीतून खाली पाहिलं. "बसूनच पायली काय लढाई?"

तिला हसू आलं. बरं वाटलं. तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं. "ते पाहा."

कमानीच्या पोटाशी काहीतरी काळं लोंबत होतं, ओल्या पोत्यासारखं. त्यावर एक तपकिरी शिकारी पक्षी झेपावला, पंजाने लचका तोडला आणि फडफडत निघून गेला. पोतं थरथरलं आणि त्याचा खालचा निम्मा भाग हवेत सुटला.

आधी आवाज आला. शेजारच्या घरात मिक्सर लावावा तसा, आणि बघता बघता तो डोक्यात शिरला. कुणीतरी किंचाळलं, "माश्या! पळा!" नम्रताच्या मानेवर निखारा ठेवल्यासारखं झालं, मग कानावर, मग डोक्यात. ती पळाली. पुढे दोन-तीन माणसं पळत होती, त्यांच्या मागे पळाली. एका सामानाच्या खोलीचं दार उघडं दिसलं, त्यात शिरली, आणि कुणीतरी दार लोटलं तेव्हा तिनेच हात वर करून कडी लावली.

आत अंधार होता. धुळीचा, जुन्या फुलांचा वास. दोन बायका होत्या: पायथ्याशी हार विकणाऱ्या, देवळात हार द्यायला वर आलेल्या मुक्ताबाई, आणि कॉलेजातली एक मुलगी, स्वराली, जी रडत रडत केसांतून माश्या झटकत होती. आत आलेल्या माश्या मुक्ताबाईंनी चपलेने ठेचल्या. दारावर बाहेरून टपटप टपटप वाजत होतं, बारीक खडे मारावेत तसं.

मग नम्रताच्या लक्षात आलं.

सुखदेवराव मागून येत असतील असं तिला वाटलं होतं, असं ती स्वतःला सांगू लागली. पण तसं वाटलं नव्हतं. तिला काहीच वाटलं नव्हतं. पळताना जगात ती एकटीच होती.

"माझे सासरे बाहेर आहेत," ती म्हणाली आणि कडीकडे हात नेला.

स्वराली मध्ये आली. कडीवर दोन्ही हात ठेवून ओरडली, "ताई, नको ना! प्लीज! सगळ्या आत येतील!"

नम्रता थांबली. आणि कुणीतरी आपल्याला अडवलं याचं तिला बरं वाटलं. ते बरं वाटणं तिला स्पष्ट जाणवलं.

दाराच्या फळीत फट होती. तिने डोळा लावला. उन्हात काही दिसेना, मग दिसलं. सुखदेवराव भिंतीच्या बुडाशी बसले होते. गुडघ्यांत डोकं, हात मानेवर. शर्ट सकाळी पांढरा होता. आता पाठीवर तो पांढरा नव्हता, आणि जे होतं ते हलत होतं. ते ओरडत नव्हते. मदतीला कुणाला हाक मारत नव्हते. कदाचित हाक मारावी असं इथे आपलं कुणी आहे, हे त्यांना सुचलंच नसेल. त्या शांतपणाने ती जास्त घाबरली. मेलेला माणूसही असाच बसला असता.

"अगं, फोन कर कुणाला तरी," मुक्ताबाई स्वरालीला म्हणाल्या. स्वरालीने कडी सोडली आणि अग्निशमन दलाला फोन लावला. नम्रताने कोपऱ्यातली सतरंजी ओढली. जाड, जड, भजनाला अंथरायची.

"जातेयस?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"मला खूप भीती वाटतेय."

"वाटणारच. तोंड झाक. हात झटकू नकोस." त्यांनी सतरंजी तिच्या डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली तिच्याच मुठीत दिली. "मी दार लगेच लावून घेणार हं. आधीच सांगते."

दार उघडलं आणि मागे लागलं.

अंतर थोडंच होतं. सतरंजीवर माश्या आदळत होत्या. मनगटावर, घोट्यावर, पापणीवर डंख बसले. एकदा ती वळली, अर्धवट, दाराकडे. मग काय झालं ते तिला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. पुढचं आठवतं ते एवढंच, की ती सुखदेवरावांच्या अंगावर पडली होती आणि सतरंजीच्या कडा पायांनी, कोपरांनी, जमेल तशा खाली दाबत होती.

सतरंजीखाली उजेड नव्हता, हवा नव्हती. दोघांच्या अंगांमध्ये अडकलेल्या माश्या अजून गुणगुणत होत्या. एक तिच्या दंडावर चढत होती, आणि ती चावायची वाट बघत नम्रता रडू लागली.

"हालू नोको," अंधारातून आवाज आला. घोगरा, पण जिवंत. "चेंगरून टाक तिले. घाबरू नोको, चेंगर."

तिने दंड जमिनीवर रगडला.

"बाबा..."

"काहून आली वं तू? दोघं मरू ना आता." बोलताना त्यांना धाप लागत होती. "तोंड माह्या पाठीशी ठेव. श्वास हळू घे."

सतरंजीवर माश्या चालत होत्या. हजारो पाय, पावसाची भुरभुर पडावी तसे. मध्येच एखादी कापडातून नांगी घुसवायची, ती टोकं पाठीला लागायची. वरून ऊन तापत होतं. सुखदेवरावांच्या पाठीचं वर-खाली होणं हळूहळू जलद झालं, मग मध्येच अडखळू लागलं.

"बाबा, बोलत राहा ना."

"काय बोलू?"

"काहीही."

मग तीच बोलली. "मी पळाले, बाबा. तुम्हाला टाकून पळाले. आतून कडी लावली."

"पायलं मी," ते म्हणाले. "माहा गुडघा धड असता, त मीबी पळालो असतो. तुह्याही पुढं."

ती रडता रडता हसली की हसता हसता रडली, तिलाच कळलं नाही. तिच्याखाली त्यांचं अंगही हललं, पण ते हसणं नव्हतं. ते ओकत होते. त्यानंतर त्यांनी उत्तर देणं बंद केलं.

ती हाका मारत राहिली. घसा सुकला तरी. बुटांचे आवाज आले, धुराचा वास आला, कुणीतरी ओरडलं, "उठू नका, तसेच राहा!" आणि मग सतरंजीसकट त्यांना उचललं तेव्हाही ती "बाबा, बाबा" एवढंच म्हणत होती.

दवाखान्यात त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. डोळे बुजले होते, ओठ निळसर. डॉक्टरीणबाई धावत आल्या, मांडीत इंजेक्शन दिलं, मग दुसरं. "बीपी लागत नाहीये," कुणीतरी म्हणालं आणि पडदा ओढला गेला. नम्रता पडद्याबाहेर उभी राहिली. तिच्या स्वतःच्या हाताला सलाइन लावायला नर्स मागे लागली होती, ती जागची हलेना. पडद्याखालून फक्त पावलं दिसत होती. पावलांची घाई चालू आहे तोवर ठीक आहे, असं ती मनाला बजावत होती. पावलं थांबली की काय, या भीतीने ती खाली वाकून बघत होती.

दुपार कलल्यावर बीपी वर आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून धोका टळलाय असं म्हणणार नाही. पण मघापेक्षा बरे आहेत."

अनिरुद्ध आला तो घामाने निथळत. वडिलांकडे बघून त्याने खुर्चीची पाठ धरली. "काय झालं? तुम्ही दोघं एकत्रच होतात ना?"

"आधी मी पळाले," नम्रता म्हणाली. "एका खोलीत शिरले, दार लावलं. नंतर गेले."

"नंतर म्हणजे?"

"माहीत नाही किती. नंतर."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती नजर पुढे बरेच दिवस घरात राहणार होती, हे तिला तेव्हाच समजलं. त्याला खोटं सांगून ती टाळता आली असती, हेही.

"अन्या," पलंगावरून आवाज आला. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट फुटत नव्हते. "डॉक्टरले विचार, पाणी देता येते काय."

अनिरुद्ध बाहेर गेला. सुखदेवरावांनी मान किंचित वळवली. डोळे बंदच होते. "कानामागं काहीतरी सलते," ते म्हणाले. "पाह्य बरं."

नर्सने माश्यांचे सगळे काटे काढले होते, पण हा राहिला होता. कानाच्या पाळीमागे, पांढऱ्या केसांत, काळा ठिपका. नम्रता वाकली आणि तिचा हात मागे आला. तो ठिपका मेलेला आहे हे कळत असूनही कानात माश्यांचा तो आवाज भरला. तिने दोनदा हात पुढे नेला, दोनदा मागे घेतला.

"दुखेल थोडं, बाबा."

"दुखू दे."

तिने एका हाताने त्यांचं डोकं धरलं. तापलेलं, जड डोकं. मग नखाची कड कातडीला लावली आणि काटा हळूच खरवडून काढला.