उजवीकडची खुर्ची

मोहनरावांचा शब्द घरात कधी खाली पडला नाही. तलासरीच्या तहसील कचेरीत जन्म गेला, तिथे साहेबांपुढे मान हलवायची आणि घरी येऊन इतरांना हलवायला लावायची. मुलगा देवेश तर या बाबतीत सुतासारखा सरळ. अठ्ठावीस वर्षांचा घोडा झाला, पायलट झाला, युरोपातलं लायसन्सही परीक्षा देऊन काढून आला, पण बापापुढे ब्र काढत नसे. डहाणूत चार माणसं जमली की मोहनराव हे कौतुकाने सांगत, आणि ऐकणाऱ्यांना आपापली कार्टी आठवून हेवा वाटे.

लायसन्स हातात येऊनही दोन वर्षं नोकरी नव्हती. शेवटी श्रीमंतांची खासगी विमानं चालवणाऱ्या तिकडच्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं. मुलाखत घरूनच, लॅपटॉपवर. आवाज नको म्हणून पंखा बंद केला होता आणि मोहनराव कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बेताने पलंगाच्या कडेला घाम पुसत बसले होते.

पडद्यावरचा पांढऱ्या केसांचा गोरा साहेब मोठं गोड बोलत होता. विमानाबद्दल त्याने फारसं विचारलं नाही. एकच प्रश्न दोनदा विचारला. कॅप्टन अनुभवी आहे, मालकाला घाई आहे, हवा वाईट आहे आणि उजवीकडच्या, सहवैमानिकाच्या खुर्चीत बसलेल्या तुला वाटतंय की उतरू नये. काय करशील? देवेशने क्षणभर बापाकडे पाहिलं. मग म्हणाला की मी एकदा सांगेन, पण कॅप्टन मोठे, शेवटी त्यांचं ऐकेन. गोरा खुशीत हसला. म्हणूनच तुमच्याकडची मुलं आम्हाला आवडतात, असं म्हणाला. मोहनरावांची छाती फुगली. संस्कार कुणाचे?

पत्र आलं, व्हिसा आला. आळीत पेढे वाटून झाले. देवेशची आई अहिल्याबाई स्वेटरांच्या घड्या घालत होत्या, तेव्हा मोहनरावांनी सहज विचारलं की ही जागा रिकामी कशी झाली रे. देवेश विचारलं तेवढंच सांगणारा मुलगा. आधीचा नेपाळचा होता, म्हणाला, पंखांवर बर्फ होता म्हणून त्याने उडायला नकार दिला, तर दोन दिवसांत त्याला घरी पाठवलं. आणि त्याच्या आधीचा?

"तो गेला, बाबा. धुक्यात उतरताना विमान डोंगरावर आदळलं. कॅप्टन पण गेला."

अहिल्याबाईंचे हात थांबले. मोहनराव म्हणाले, अपघात काय, रस्त्यावरही होतात. म्हणाले खरे, पण रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी बापलेक तलासरीच्या अलीकडे मोहनरावांच्या बहिणीला भेटायला गेले. परतताना गाडी देवेश चालवत होता. बहिणीच्या गावचा रस्ता हायवेला लागतो, तिथून डहाणूकडे यायचं तर आधी डावीकडे वळून तलासरीपर्यंत उलटं जायचं आणि वळसा घेऊन परत यायचं. एवढा द्राविडी प्राणायाम तिथे कुणी करत नाही. लोक सरळ राँग साइडने दुभाजकातल्या जवळच्या कटपर्यंत गाडी दामटतात. मोहनराव फोनवर होते, वाणगावच्या जुन्या सहकाऱ्याला मुलाच्या नोकरीचं पुराण ऐकवत होते. देवेशने डावीकडे सिग्नल दिला, तसा त्यांनी हाताने उजवीकडे इशारा केला आणि पुढचं पुराण चालू ठेवलं.

देवेशने सिग्नल बदलला आणि गाडी उलट्या बाजूला घातली.

हॉर्नने मोहनरावांनी मान वर केली. समोरून कंटेनर येत होता. शेजारून दुसरा त्याला ओव्हरटेक करत होता, म्हणजे रस्ता म्हणून उरला नव्हता. देवेशने गाडी मातीत उतरवली. कंटेनर इतक्या जवळून गेला की आरसा तुटून मागच्या मागे उडाला. फोनमधून वाणगावचा माणूस हॅलो, हॅलो करत राहिला.

मोहनरावांनी फोन बंद केला.

"तुला दिसला नाही?"

"वळतानाच दिसला होता, बाबा. दोन्ही दिसले होते."

"मग घातलीस कशाला?"

"तुम्ही सांगितलंत ना."

त्यात चिडणं नव्हतं, टोमणा नव्हता. तोच नम्र आवाज, ज्याचं कौतुक त्यांनी आयुष्यभर गावभर सांगितलं होतं. मोहनरावांना धुकं दिसलं, डोंगर दिसला, आणि दोन्ही आधीच दिसूनही गप्प बसलेला त्यांचा मुलगा दिसला.

त्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं. तिकडे असं कुणी सांगितलं तर नाही म्हणायचं, कॅप्टन असो की मालक, नोकरी गेली तरी चालेल, असं ते घाईघाईने बजावत राहिले. देवेश प्रत्येक वाक्याला हो बाबा म्हणत गेला. तसतसा त्यांचा जीव जास्तच घाबरा होऊ लागला.

"हो नको म्हणूस. नाही म्हणून दाखव. मला दाखव, आत्ता." त्यांनी मनगट आणखी आवळलं. "मी सांगतो, त्याच कंपनीत जायचं. आता बोल."

देवेशने त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायचं होतं त्याला, ओठ हलले. मोहनराव श्वास धरून बसले.

"जाईन, बाबा," तो म्हणाला.