मशिनीतला गुंडप्पा

"अप्पा, कामावरून काढायचं तर काढा, पण त्या मशिनीला मी हात लावत न्हाई!" नरसिंगने हातातला पाना खाली टाकला आणि तो सरळ बाहेर जाऊन उभा राहिला.

हुमनाबादच्या बाहेर, पुणे-हैदराबाद रस्त्याला लागून चन्नबसप्पांचा लॉरीच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, वर पत्रे, खाली माती आणि मधे अर्धवट बांधलेल्या लॉऱ्या. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीचा तो काळ. रस्त्यावर लॉऱ्या वाढत होत्या, कामाला तोटा नव्हता. पण चन्नबसप्पांच्या कारखान्यात काम रखडायचं, कारण लोखंडी पट्ट्यांना भोकं पाडायची जी विजेची ड्रिल मशीन होती, तिच्यात गुंडप्पा शिरला होता.

गुंडप्पा जिवंत असताना त्याच मशिनीवर काम करायचा. मागच्या दसऱ्याला तो गेला आणि तेव्हापासून मशीन धरली की हाताला मुंग्या येऊ लागल्या. कधी नुसत्या मुंग्या, कधी कोपरापर्यंत झिणझिण्या. एखाद्याने आपला हात हळूच धरावा आणि सोडू नये, तसं वाटायचं. "गुंडप्पा हात धरायलाय," असं कामगार एकमेकांना दबक्या आवाजात सांगायचे. मशीन कोपऱ्यात खिळ्याला तिच्याच वायरीने टांगलेली असायची. वाऱ्याने ती थोडी जरी हलली तरी बडबडणारी माणसं एकदम गप्प व्हायची.

मंडळी, भूत एकदा कारखान्यात शिरलं की ते हजेरी लावत नाही, पण कामात मात्र सगळ्यांच्या आधी असतं!

गुंडप्पा कसा गेला, ते सांगायला हवं. खंडेनवमीला कारखान्यातली सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडली होती. ड्रिल मशीनही पाण्याने धुतली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडून त्याचं पाणी तिच्यावर वाहिलं. पूजेला गुंडप्पाची बायको जगदेवी आली होती. आरतीचं ताट घेऊन वळताना तिचा पाय मशिनीच्या वायरीवरून पलीकडे पडला. पूजेतलं हत्यार तिने ओलांडलं! दोघाचौघांनी ते पाहिलं आणि चुकचुकले.

दुसऱ्या दिवशी दसरा. मुहूर्ताचं एक भोक पाडायचं, ही कारखान्याची रीत. सकाळी जमिनीवर सडा टाकला होता. मुहूर्ताचं काम म्हणून गुंडप्पाने चपला बाहेर काढल्या, मशिनीला नमस्कार केला आणि कळ दाबली. त्याच्या तोंडून आवाजसुद्धा फुटला नाही. मशीन छातीशी धरूनच तो खाली पडला.

देवी कोपली, असं सगळे म्हणाले. कुणामुळे कोपली, हे कुणी मोठ्याने म्हटलं नाही, पण मेहकरला गुंडप्पाच्या आईपर्यंत ते पोचायला वेळ लागला नाही. भालकी तालुक्यातल्या त्या गावी पार्वतीबाईंनी सुनेला दारातच अडवलं. "माझं लेकरू खाल्लंस. आता ह्या उंबऱ्यात पाय ठिवू नगंस." जगदेवी हुमनाबादला परत आली आणि रस्त्यावरच्या एका खानावळीत भाकरी थापू लागली. सासूने घराबाहेर काढलं, याचं तिला दुःख होतंच. पण सासू म्हणते ते खरं आहे, असं तिला स्वतःलाच वाटत होतं, आणि ते दुःख त्याहून मोठं होतं.

म्हणून दर अमावास्येला ती कारखान्यात यायची. कुणाशी बोलायची नाही. टांगलेली मशीन खाली घ्यायची, कुंकू लावायची, नारळ फोडून पाणी तिच्यावर ओतायची आणि कपाळ टेकून बराच वेळ पुटपुटत बसायची. कामगार हात जोडून उभे राहायचे. चन्नबसप्पा मात्र त्या वेळी हमखास काहीतरी निमित्त काढून रस्त्यापलीकडे जायचे. आणि अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मशीन जास्तच धरायची. एवढं करूनही गुंडप्पाचं मन भरत नाही, असं म्हणून लोक आणखी घाबरायचे.

नरसिंग हटून बसला ती अमावास्याच होती. त्याच आठवड्यात लॉऱ्यांच्या दिव्यांची वायरिंग करायला भीमराज नावाचा नवा माणूस आला होता. छप्पन सालानंतर ज्यांच्या घरांनी बौद्ध धम्म घेतला, त्यांतला तो. सोलापुरात मोटारींच्या वायरिंगचं काम शिकून आलेला. जगदेवी मशिनीवर पाणी ओतताना त्याने पाहिलं आणि तो ताडकन उठला.

"अक्का, विजेच्या मशिनीवर पाणी कामून वततायसा?"

जगदेवी पाणी ओततच राहिली. एक म्हातारा सुतार म्हणाला, "तुमच्यात देव बी न्हाई, भूत बी न्हाई. तुला काय कळायचं? तू आपले दिवे बघ." सगळे हसले. भीमराजही कसनुसा हसला, पण मशिनीवरची त्याची नजर हटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चन्नबसप्पांनी नरसिंगला गोड बोलून, थोडं दटावून तयार केलं. गिऱ्हाईक दारात बसलं होतं. नरसिंगने चपला काढल्या. गुंडप्पाला हात लावायचा तर पायात चपला कशा ठेवायच्या! सगळेच तसं करायचे. सकाळच्या सड्याने ओल्या झालेल्या मातीत अनवाणी उभं राहून त्याने मशीन उचलली आणि कळ दाबली.

मशीन गुरगुरली आणि नरसिंगचं अंग ताठ झालं. डोळे वर गेले. हाताने घट्ट धरलेली मशीन सुटेना. "गुंडप्पा आला! गुंडप्पा आला!" लोक ओरडत मागे सरले. एकटा भीमराज पुढे झाला. नरसिंगला हात न लावता तो बोर्डाकडे धावला, वाळक्या लाकडाची फळी उचलली आणि बोर्डात खोचलेल्या दोन्ही वायरी एका फटक्यात बाहेर पाडल्या. नरसिंग पोत्यासारखा कोसळला.

तो वाचला. तळहात भाजला होता, जीभ चावली होती, पण श्वास चालू होता. त्याला बाजेवर निजवलं, तोवर बातमी खानावळीत पोचली होती. पिठाच्या हातांनीच जगदेवी धावत आली आणि मशिनीपुढे बसून तिने हंबरडा फोडला. "मला न्या की, धनी! चूक माझी हाय. दुसऱ्याचं लेकरू कामून न्यायलाव?"

ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. भीमराजचेही डोळे भरले. पण तो खंबीरपणे म्हणाला, "अक्का, बाजूला सरा. ह्यात तुमचे धनी न्हाईत. काय हाय ते मी आत्ता दावतो."

त्याने एक बल्ब घेतला, होल्डरला दोन वायरी जोडल्या. एका वायरीचं टोक मशिनीच्या लोखंडी अंगाला बांधलं, दुसरं ओल्या जमिनीत ठोकलेल्या सळईला. सगळ्यांना दूर उभं करून त्याने मशिनीच्या वायरी पुन्हा बोर्डात खोचल्या. बल्ब लालसर पेटला!

"बगा," भीमराज म्हणाला, "भूत बल्ब पेटवत न्हाई. ही वीज हाय. आत असायची ती बाहीर, मशिनीच्या अंगावर आलीय. तिला जमिनीत जायचंय. मधी अनवाणी माणूस हुबा राहिला की ती त्याच्यातून जाती."

"मग अमावास्येलाच कशी जोर करती?" म्हाताऱ्या सुताराने विचारलं.

"कारण अमावास्येला तुमी तिला नारळाचं पाणी पाजताव! आन हात लावायच्या आदी चपला काढताव. काका, भुताला भिऊन तुमी जे जे करायलाव ना, त्यानंच माणूस मरायलाय!"

भीमराजने वायरी काढल्या आणि मशीन उघडली. आत ओलं कुंकू चिखलासारखं साचलं होतं. वायर जिथून आत शिरते तिथलं रबर झिजून तांब्याच्या तारा उघड्या पडल्या होत्या आणि लोखंडाला टेकत होत्या. "वायरीला धरून मशीन टांगायची, वायरीला धरून वढायची. मग रबर टिकंल कसं? पर एवढं झालं तरी माणूस वाचला असता." त्याने वायर चाकूने बोर्डाकडच्या टोकापर्यंत सोलली. आत लाल होती, काळी होती आणि तिसरी हिरवी. हिरवीचं टोक आखूड कापून आत दुमडलं होतं, वर चिकटपट्टी गुंडाळली होती.

"ही वायर जमिनीशी जोडायची असती. वीज कधी चुकून अंगावर आली तर ती हिच्यातून जमिनीत जाती आन फ्यूज उडतो. म्हंजे फ्यूज मरतो, माणूस जगतो. ही कापली कुणी?"

"मशीन हैदराबादहून तशीच आली असंल," कुणीतरी म्हणालं. "व्हय, तशीच आली असंल," आणखी दोघांनी मान डोलावली.

चन्नबसप्पांना वाट मिळाली होती. नुसतं गप्प राहिले असते तरी पुरलं असतं. गेले कित्येक महिने ते तसेच गप्प राहिले होते. मशीन नवी आली त्या दिवशी तिला तीन दांड्यांची पिन होती आणि बोर्डाला भोकं दोनच. त्यांनी स्वतःच्या हाताने पिन तोडली, दोन वायरी काडेपेटीच्या काड्यांनी बोर्डात ठोकून बसवल्या आणि हिरवी कापून टाकली. तेव्हा शेजारी गुंडप्पा उभा होता. "अप्पा, ह्या हिरव्या वायरीचं काय काम असंल हो?" त्याने विचारलं होतं. आणि चन्नबसप्पा हसून म्हणाले होते, "आरं, दोनावर चालतंय की! तिसरी फालतू." तो प्रश्न त्यांना दसऱ्यापासून ऐकू येत होता. जेवताना यायचा, झोपेत यायचा, जगदेवी कपाळ टेकून बसली की हटकून यायचा. काय चुकलं ते त्यांना नीट कळत नव्हतं, पण आपलं काहीतरी चुकलंय हे पक्कं ठाऊक होतं. देवी कोपली म्हणणं सोपं होतं. एका बाईचा पाय पडला म्हणणं त्याहून सोपं.

त्यांनी जगदेवीकडे पाहिलं. ती त्या हिरव्या टोकाकडे टक लावून बघत होती.

"मी कापली!" चन्नबसप्पा एकदम ओरडले. आपल्याच आवाजाने ते दचकले. मग हळू म्हणाले, "मी कापली, जगदेवी. गुंडप्पानं इचारलं व्हतं. मी हसलो."

जगदेवी भीमराजकडे वळली. लहान पोरीने विचारावं तसं तिने विचारलं, "भाऊ, मी ती वायर वलांडली... त्यानं काय झालं न्हाई?"

"न्हाई, अक्का. वायर वलांडल्यानं माणूस मरत न्हाई. कापल्यानं मरतो."

चन्नबसप्पांनी तिच्यापुढे हात जोडले, तेव्हा ती उठली आणि म्हणाली, "हितं नगा हात जोडू, अप्पा. मेहकरला चला. माझ्या सासूला सांगा."

चन्नबसप्पा हुमनाबादेतले मानाचे गृहस्थ. एका कामगाराच्या आईपुढे उभं राहून, गावासमोर आपली चूक सांगायची! एक दिवस त्यांनी टाळला, दुसरा टाळला. त्या दोन दिवसांत भीमराजने खड्डा खणून, कोळसा-मीठ भरून हिरव्या वायरीची जमिनीशी जोडणी केली, तीन भोकांचा बोर्ड बसवला, मशीन सुकवून वायर बदलली. मशीन हातात घेतली तर मुंगीसुद्धा येईना. कामगारांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण चन्नबसप्पांना तो प्रश्न ऐकू येतच राहिला. तिसऱ्या दिवशी ते जगदेवीला घेऊन भालकीच्या बसमध्ये बसले.

पार्वतीबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. चन्नबसप्पांनी अंगणात उभं राहून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. शेजारपाजारची माणसं गोळा झाली. सूप मांडीवर तसंच ठेवून म्हातारी ऐकत राहिली.

"म्हंजे देवीनं न्हाई नेलं त्याला?" शेवटी तिने विचारलं.

"न्हाई, आई."

"हिच्या पायानं बी न्हाई?"

"न्हाई. माझ्या हातानं."

"देवीनं नेलं म्हणून मी कसंबसं गिळलं व्हतं, बाबा," पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "देवापुढं कुणाचं काय चालतंय? पर वीतभर वायरीपायी गेला म्हणतूस... जोडली असती तर माझं लेकरू आज जेवाया आलं असतं म्हणतूस... हे मी कसं गिळू? सांग की! कसं गिळू?"

चन्नबसप्पा तिथेच मातीत खाली बसले आणि सगळ्या गावासमोर ढसाढसा रडले. पार्वतीबाईंनी त्यांच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. अंगणाच्या कडेला जगदेवी अंग चोरून उभी होती. म्हातारीने सूप बाजूला ठेवलं, भिंतीला धरत उठली, सुनेचा हात धरला आणि तिला आत घेऊन गेली. दार मात्र चन्नबसप्पांच्या तोंडावर लागलं.

वाचकहो, आपल्याही घरात, दुकानात, शेतावरच्या मोटारीपाशी काड्यांनी ठोकलेल्या दोन वायरी असतील. तिसरी कुणीतरी फालतू म्हणून कापलेली असेल. यंत्राची पूजा जरूर करा, पण फूल वाहा, पाणी नको. वायर झिजली तर आज बदला, उद्या नको. पायात काहीतरी घालून, कोरड्या जमिनीवर उभं राहून काम करा. आणि अपघात झालाच तर देवाचं किंवा कुणा बाईच्या पायाचं नाव पुढे करण्याआधी आपले हात तपासून पाहा! देवाच्या कोपाचा जाब कुणी कुणाला विचारत नाही. पण आपण कापलेल्या वायरीचा जाब एक दिवस कुणाची तरी आई विचारते, आणि तेव्हा तिला द्यायला आपल्याकडे काहीही नसतं.