साडेचारशे दुकानं आणि एक सासरा

सासऱ्याशी वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं आणि वर भिंतीलाच विचारायचं, लागलं का. जावयाला हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. पुढची दहा वर्षं त्यानं वादाचा विषयच काढला नाही. पण आता पाणी गळ्याशी आलं होतं.

जावयाची कंपनी लाँड्रीवाल्यांसाठी प्रोग्राम बनवायची. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम, आतल्या खोलीत सर्व्हर. कुणाचे कपडे, कुठल्या खुंटीला, सगळं त्या सर्व्हरच्या पोटात. मधे नवे सर्व्हर आले आणि त्यांची बोलीच निराळी निघाली. कुणाकडे जुना, कुणाकडे नवा. मग जावयानं प्रोग्रामला शिकवलं, बाबा रे, उघडलास की आधी जुन्या बोलीत हाक मार, आठ सेकंद थांब, कुणी ओ दिली नाही तर नव्या बोलीत बोल.

हळूहळू सगळ्यांनी नवे सर्व्हर घेतले. तरी प्रोग्राम आपला साडेचारशे दुकानांत रोज आठ सेकंद घरात नसलेल्या माणसाला हाका मारत बसायचा.

एका शुक्रवारी जावयाच्या साहेब, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, त्याच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"ही जुनी बोली अजून कोण वापरतं?"

"एक गिऱ्हाईक आहे."

"मोठं आहे?"

"वयानं आहे."

"सोमवारी नवा प्रोग्राम सगळीकडे जाणार. त्यात ही भानगड नको. त्यांना नवा सर्व्हर घ्यायला सांगा, नाहीतर नंबर द्या, मी सांगते."

"नको, नको, मीच सांगतो," जावई म्हणाला. तो नंबर त्याच्या बायकोच्या माहेरच्या लाँड्रीचा होता.

सोमवारपर्यंत सर्व्हर बदलला नाही तर सासऱ्याचं काउंटर मुकं होणार होतं. आत टांगलेले तीनशे कपडे कुणाचे हे देवाला ठाऊक, आणि जावयाला घरात जेवण मिळेल का हे बायकोला.

रविवारी दुकान बंद असतं. जावई नवा सर्व्हर बगलेत मारून गेला. सासरा इस्त्रीच्या टेबलाशी बसून वाकडे हँगर सरळ करत होता.

"हे काय आणलंस?"

"नवा सर्व्हर, बाबा. जुना काढू."

"का? त्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

"तुमच्या एकट्यापायी साडेचारशे दुकानं रोज आठ सेकंद खोळंबतात."

सासऱ्यानं हँगर खाली ठेवला. "माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी."

"साडेचारशे?"

आपण काय करून बसलो ते जावयाला कळलं, पण बाण सुटला होता. सासऱ्यासाठी उभ्या जन्मात कधी बससुद्धा थांबली नव्हती. तो खुर्चीत जरा ताठ झाला. "मग थांबू देत की," तो म्हणाला.

जावयानं समजावलं, विनवलं, शेवटी हात जोडले. सासरा हँगर सरळ करत राहिला. मग खाली मान घालूनच म्हणाला, "नव्यात नावापुढे लिहिलेला शेरा गिऱ्हाईकाच्या फोनवर जातो म्हणे."

"जातो. कपडे तयार झाले की निरोप जातो, त्यात सगळी नोंद असते. बिघडलं काय?"

"बघ की मग."

जावयानं जुना सर्व्हर उघडला आणि वाचायला लागला.

'निळा कोट. बोलायला लागला की जेवणाची वेळ टळते.'

'मास्तरीणबाई. डाग कशाचा विचारू नये.'

'बँकेतला. स्वतःचं पोट सुटलंय, पँट आम्ही आटवली म्हणतो.'

अशा अकराशे नोंदी.

"पुसून टाकू सगळे शेरे," जावई म्हणाला.

"पूस. मग समोर कोण उभा आहे ते मला कोण सांगेल? तू येणार रोज?" सासऱ्याचा आवाज जरा खाली आला. "नावं राहत नाहीत रे आता. चेहरेसुद्धा निसटतात. शेरा वाचला की माणूस सापडतो."

जावयानं खुर्ची ओढली. दोघं दिवसभर शेरे मवाळ करत बसले. निळा कोट 'गप्पिष्ट' झाला. मास्तरीणबाई 'स्वच्छतेला काटेकोर' झाल्या.

"बँकेतल्याला 'तब्येतीनं चांगला' लिही."

"त्याला कळेल की."

"त्याला नाही कळायचं. मला कळलं म्हणजे झालं."

ऊन उतरायला लागलं तेव्हा एक नोंद आली आणि सासऱ्याला अचानक हँगर आठवले. जावयानं वाचलं.

'जावई. शर्टाचं वरचं बटण दर वेळी तुटलेलं, लावून द्यावं. खिशात दुपारच्या सिनेमाचं तिकीट असतं. एकट्याचं. मुलीला सांगू नये.'

जावयाचे कान तापले. नोंदीखाली फोन नंबर बायकोचा होता.

"कधीपासून माहितीये तुम्हाला?"

"पहिल्या वर्षापासून."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? माझी मुलगी मला माहितीये. आईवर गेलीये. मीसुद्धा दुपारचा मागच्या खोलीत चादरींच्या ढिगावर जाऊन पडायचो. हिशेब करतोय म्हणून सांगायचो."

जावयानं बोटं कीबोर्डवर ठेवली. "याला मवाळ काय लिहू?"

"त्याला मवाळ काही नाही. पूस," सासरा हँगरकडे बघत म्हणाला. "तेवढं एक मला पाठ आहे."

जावयानं पुसलं. संध्याकाळच्या आत नवा सर्व्हर बोलायला लागला. सोमवारी सकाळी जावयानं प्रोग्राममधल्या जुन्या बोलीच्या चाळीस ओळी काढून टाकल्या, मोठ्या बाईंना तसं कळवलं, आणि दुपारी, निदान त्या सोमवारी तरी, जागेवरून हलला नाही.