शारजाहून नारपोलीला

भिवंडीजवळच्या काल्हेरची कमळा पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा विमानात बसली, आणि तीही एकटी. तोवर तिचं जाणंयेणं म्हणजे अंबाडीला माहेरी, ठाण्याला लग्नाच्या बस्त्याला, नाहीतर कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला. प्रत्येक वेळी गाडीत पुढच्या सीटवर दौलत बसलेला असायचा. दौलत तिचा नवरा. बापाच्या भातखाचरांवर त्याने गोडाउनं उभी केली होती, दारात गाडी आणि ड्रायव्हर होता. बायकोला एकटीने कुठे जायची वेळच यायची नाही. पण दोन हजार सातच्या मार्चात शारजाला त्यांची लेक रुचिका बाळंत व्हायची होती, आणि नेमकं तेव्हाच दौलतचं नव्या गोडाउनचं काम निघालं.

"तू जा," दौलत म्हणाला. "इमान काय तुना चालवायचा हाय? नुसता बसून ऱ्हायचा."

कमळा नुसती बसून राहिली. तोंडात अखंड देवीचं नाव. शारजाला उतरल्यावर तिथल्या साहेबाने तिची बॅग उघडायला लावली. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, जुन्या साड्यांची दुपटी आणि तीन पिशव्यांत गुंडाळूनही घमघमणारा सुका जवळा. साहेबाने नाकाला रुमाल लावला. कमळाला ना इंग्रजी येत होतं ना अरबी. तिने दोन्ही हातांनी स्वतःच्या पोटापुढे भला मोठा गोल काढून दाखवला आणि मग जवळ्याकडे बोट केलं. साहेब आधी बघतच राहिला, मग हसला आणि त्याने स्वतःच बॅगेची चेन लावून दिली. "देव त्याचा भला करो," असं म्हणत ती बाहेर आली. बाहेर जावई प्रितम फुलांचा गुच्छ घेऊन उभा होता.

आठवड्याभरात नातू झाला. कमळाने कंबर कसली. दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी तिने बाळंतिणीला धुरी द्यायला तव्यावर निखारे केले, त्यावर ओवा टाकला, आणि छतावरचं धुराचं यंत्र असं कोकलायला लागलं की खालचा वॉचमन दोन मजले धावत वर आला. त्या दिवसापासून धुरी बंद झाली. पण तेलमालिश, शेक, लाडू सगळं यथासांग चालू राहिलं. दुपारी लेक आणि नातू झोपले की कमळा गॅलरीत उभी राहायची. लांबवर पाण्याची एक पट्टी चमकायची. रुचिका म्हणाली, ती इथली खाडी. खाडी म्हटल्यावर कमळाचा जीव भांड्यात पडला. जिथे खाडी आहे तिथे मासा असणार.

"आई, ताजा पापलेट खावासा वाटतोय गं," एका सकाळी रुचिका म्हणाली. "संध्याकाळी प्रितमला सांगते."

संध्याकाळी आणलेला मासा ताजा कसला? लेक आंघोळीनंतर झोपली तशी कमळाने पिशवी घेतली, चपला घातल्या आणि दार ओढून खाली उतरली. पाण्याची दिशा मनात ठेवून चालत गेली. मासळीबाजार सापडलाही. तिथल्या मल्याळी कोळ्याशी ती हिंदीत भांडली, कल्ले उचलून लालभडक आहेत ना ते पाहिलं, दोन पापलेट पदरात पाडून घेतले. काल्हेरच्या नाक्यावर जे करायची तेच समुद्रापलीकडे करून दाखवलं म्हणून ती मनातल्या मनात फार खूश झाली.

परत येताना मात्र घात झाला. खाडी एकच होती, इमारती शेकड्यांनी. आपल्या इमारतीची खूण तिने धरून ठेवली होती, खाली औषधाचं दुकान. आता बघते तर प्रत्येक इमारतीखाली औषधाचं दुकान! हा कोपरा, तो कोपरा, पुन्हा हाच कोपरा. फोन घरी, पत्ता माहीत नाही. ऊन डोक्यावर आलं. पिशवीतला बर्फ वितळून पाणी साडीवर ठिबकायला लागलं. शेवटी ती एका बंद दुकानाच्या पायरीवर मटकन बसली आणि स्वतःशीच बोलली, "आता कसा होयाचा माझा? कना जाऊ मी?"

"काय झाला काकी?"

कमळाने दचकून वर पाहिलं. तिशीतला एक माणूस उभा होता. डोक्यावर पांढरी जाळीची टोपी, गळ्यात मोजपट्टी, खांद्यावर पडद्याच्या कापडाचा गठ्ठा. क्षणभर तिला वाटलं, उन्हाने भोवळ आली.

"तुमी मराठी?" तिने विचारलं.

"मी भिवंडीचा. नारपोली." तो हसला. "आणि तुम्ही काल्हेर-कशेळीकडच्या. बोलता ना, त्यावरून कळला. कापडाच्या टेम्पोवर होतो मी, तुमच्याकडच्या गोडाउनात माल टाकायला यायचो."

कमळाच्या डोळ्यांना धारच लागली. त्याने गठ्ठा खाली ठेवला, समोरून गार पाण्याची बाटली आणली आणि ती पूर्ण पिऊन होईपर्यंत शेजारी उभा राहिला. त्याचं नाव नियाज. तो पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायचा. मासे त्याने शेजारच्या किराणावाल्याच्या फ्रीजमध्ये ठेवले, मग शांतपणे एकेक विचारायला लागला.

"गॅलरीतून काय दिसतं?"

"खाडी."

"ती सगल्यांना दिसते, काकी. अजून काय?"

कमळाने डोळे मिटून आठवलं. "मशीद. निला घुमट. आन तिच्या पाठी टायरांचा दुकान, वर मोठा टायर टांगलेला."

"टायर टांगलेला! मग झाला काम."

मासे काढून घेऊन दोघं निघाली. तेव्हा कमळाच्या लक्षात आलं, नियाज डाव्या पायाने लंगडत होता. एका हातात तिची पिशवी, खांद्यावर गठ्ठा, आणि तरी दर रस्त्याला तिच्या आणि गाड्यांच्या मध्ये तोच. तिने विचारलं तेव्हा म्हणाला, हिवाळ्यात पडदे लावताना शिडीवरून पडलो, हाड जुळलंय, होईल बरं. मग थांबून म्हणाला, "घरी माहीत न्हाय. अम्मीला सांगितला तर ती जेवनार न्हाय."

दारात रुचिका बाळाला छातीशी धरून रडत उभी होती, प्रितम ऑफिसातून धावत निघाला होता. नियाज उंबऱ्याबाहेरूनच परत वळायला लागला. कमळाने त्याची वाट अडवली.

"अरे, मासा आनलाय. जेवून जा."

"आता दुकानात जायला पायजे, काकी."

"मग शुक्रवारी ये. सुट्टी असते ना?"

शुक्रवारी तो आला. धुतलेला पांढरा सदरा, हातात बाळासाठी खुळखुळा. कमळाने पापलेटचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. तो मान खाली घालून जेवला, माशाचा एकेक काटा ताटाच्या कडेला ओळीने लावत गेला, आणि जेवण झाल्यावर बराच वेळ हात धुवायला उठलाच नाही. त्यानंतर तो प्रत्येक शुक्रवारी यायचा. कमळाच्या निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने एक पुडकं आणून दिलं. आत मऊ तळव्याच्या चपला, एक शाल आणि गुडघ्याला लावायचं मलम होतं. "ड्रायव्हरकडून पाठवा नारपोलीला. जैबुन अन्सारी म्हनला की लूमवाल्या गल्लीत कोनपन दाखवेल. चार वर्षं झाली मी गेलो न्हाय."

काल्हेरला आल्यावर दौलतही तेच म्हणाला. "महादू ड्रायव्हर जातोयच बाजारात, तो देईल."

"न्हाय," कमळा म्हणाली. "मी जानार. मना त्याने हाताला धरून घरी आनला, आन मी त्याच्या आयशीला ड्रायव्हर पाठवू?"

"एकटी?"

"शारजाला एकटी गेलती का न्हाय?"

खरं तर तो नारपोलीच्या नावाने थोडा बिचकला होता, आणि कमळाही. इतकी वर्षं भिवंडीच्या रस्त्याने जायचं, लांबूनच कापड विणणाऱ्या लूमची खटखट ऐकायची आणि गाडीची काच वर करायची. काल्हेरपासून नारपोली रिक्षाच्या अंतरावर, पण ती कधी तिथे उतरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती अंजूर फाट्याला एक रिक्षा बदलून नारपोलीला उतरली. गल्लीत शिरताच खटखट अशी अंगावर आली की पायाखालची फरशीसुद्धा थरथरत होती. हवेत कापसाचे तंतू उडत होते. पाण्याची कळशी घेऊन चाललेल्या एका बाईला तिने विचारलं. त्या बाईने पुडक्याकडे पाहिलं, कमळाच्या कुंकवाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नियाज के घर? चलो, मेरे पीछे आओ." कळशी कमरेवर तशीच धरून तिने कमळाला तीन गल्ल्या वळवून दारापर्यंत नेलं.

जैबुन खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. साठीपुढची, बारीक अंगाची, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. कमळा काल्हेरची, शारजाहून आली, नियाजने पाठवलंय, एवढं कळताच ती उभी राहिली. कमळाने पुडकं पुढे केलं. जैबुनने ते न उघडताच बाजूला ठेवलं आणि कमळाचा हात धरून तिला खाटेवर बसवलं.

"तुमने उसको देखा?"

"देखा ना, चाची. मेरे घर खाना खाया."

"दुबला हो गया?"

"थोडा दुबला है. लेकिन भाकरी चार-चार खाता था."

"दाढी रखी है?"

"छोटी. एकदम साफ."

"बाल पके?"

"कान के पास दोन-चार."

जैबुन एकेक उत्तर ऐकून मान हलवत होती. चार वर्षांत फोनवरून तिने त्याचा आवाज ऐकला होता, पण त्याला डोळ्यांनी पाहून तिच्या घरात आलेलं हे पहिलं माणूस. कमळाला ते उमगलं तसं तिने आठवेल ते सगळं सांगायला सुरुवात केली. सदरा कसा धुतलेला होता, बाळाला घेताना आधी हात कसे पुसायचा, माशाचे काटे ताटाच्या कडेला ओळीने कसे लावायचा.

"लाइन से!" जैबुन मोठ्याने हसली, हसता हसता डोळे पुसले. "बचपन से! उसका बाप चिढ़ता था, बोलता था, मछली खा रहा है कि लूम पे धागा लगा रहा है."

मग ती जरा पुढे सरकली. बाहेर खटखट चालूच होती. कमळाचा हात तिने अजून सोडला नव्हता.

"बहन, एक बात सच बोलना. ठंडी में दो महीने उसका आवाज़ अलग था. जैसे लेटे लेटे बोल रहा हो. वो ठीक है ना? चलता फिरता है?"

कमळाला नियाजचं ते बोलणं आठवलं आणि समोर ही आई बसलेली. खोटं बोलणं तिला जमणारं नव्हतं.

"चाची, मैं रस्ता भूल गई थी. इतनी धूप. वो मेरी थैली उठाके, अपना गठ्ठा उठाके, मेरे को घर तक छोड़ने आया. चलके आया. थोड़ा पाँव दुखता है उसका, लेकिन चलके आया."

जैबुनने डोळे मिटले. ओठ हलत होते, काही पुटपुटत होती. कमळाला वाटलं, आता ही रडेल, जेवण सोडेल. पण डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा सैल झाला होता.

"छह महीने से मैं सोचती थी, पाँव है भी कि नहीं," ती म्हणाली. "अल्लाह तुमको सलामत रखे. आज मैं सोऊँगी."

मग ती उठली, चहा टाकला, शेजारणीला हाक मारून खारी मागवली. कमळा दोन वेळा "नको" म्हणाली आणि तिसऱ्यांदा कपबशी हातात घेतली. तिच्या आयुष्यात तिने पुष्कळांना जेवू घातलं होतं, पण तिच्या दोन शब्दांनी कुणाला झोप लागेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. उन्हात पायरीवर बसली होती ती दुपार तिला आठवली, आणि रस्ता चुकले हे बरंच झालं असं पहिल्यांदा मनात आलं.

निघताना जैबुनने नव्या चपला घातल्या आणि रिक्षापर्यंत सोडायला आली. गल्लीतल्या प्रत्येक दाराशी थांबून सांगत होती, "नियाज को देखके आई है ये." बायका बाहेर येऊन कमळाकडे बघत होत्या, जणू तीच परदेशातून आलेला मुलगा.

घरी दौलत टीव्हीसमोर होता. "दिलास पुडका?" त्याने न वळताच विचारलं.

कमळा पंख्याखाली बसली आणि सांगायला लागली. मोजपट्टीपासून, टांगलेल्या टायरपासून, काट्यांच्या ओळीपर्यंत. मधेच कधीतरी दौलतने टीव्ही बंद केला. तो तिच्याकडे वळून ऐकत राहिला. एवढं सलग बोलताना त्याने बायकोला इतक्या वर्षांत ऐकलंच नव्हतं.

सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "मंग आता परत कवा जायाचा हाय?"

"रमजान ईदला बोलावलाय तिने," कमळा म्हणाली. "तुमाला पन."

दौलतने जरा विचार केला. मग म्हणाला, "जाऊ. पन जाताना काय न्यायचा, ते तूच बघ. मना त्यातला काय कलत न्हाय."