आठ मिनिटं चाळीस सेकंद

“औषध शेवटी सांगतो म्हणून तुम्ही लोक शेवटच ऐकता, मला ठाऊक आहे. एक दिवस मधलं राहून जाईल तुझं, नमू.”

डॉक्टर करीम अत्तार हे म्हणाले तेव्हा नम्रता साईला स्वेटर चढवत होती आणि साई स्वेटरच्या गळ्यातून डोकं बाहेर काढायला तयार नव्हता. ती नुसती हसली. “नाही हो डॉक्टरकाका, सगळं ऐकते मी,” म्हणाली, आणि बस येईपर्यंत विसरूनही गेली.

तिचं माहेर कसबा पेठेतलं. तांबट आळीच्या तोंडाशी डॉक्टरांचा दवाखाना. एक खोली, मधोमध हिरवा पडदा, बाहेर दोन बाकं. गोवरापासून पहिल्या उलट्यांपर्यंत नम्रताचं सगळं त्याच बाकांवर निभावलं होतं. लग्न होऊन ती वारज्याला अकराव्या मजल्यावर राहायला गेली, आईवडील भावाकडे नाशिकला गेले, पण डॉक्टर तिनं बदलला नाही. वारज्यात बालरोगतज्ज्ञांची वाण नव्हती. पण तिथं पोराच्या घशात बघायच्या आधी विमा कोणता ते विचारत, आणि तपासणीची चिठ्ठी हातात पडेपर्यंत डॉक्टरांचं तोंड संगणकाकडेच असे. करीमकाका जीभ बघत, पोटावर हात ठेवत, आणि “काही नाही, खेळू दे” म्हणत. हे ‘काही नाही’ ऐकण्यासाठी नम्रतानं पृथ्वीप्रदक्षिणा केली असती. पोर झोपलं की त्याच्या छातीवर डोळे लावून फोनच्या घड्याळात श्वास मोजणारी बाई ती.

अडचण एकच. डॉक्टर मेसेज लिहीत नसत, बोलून पाठवत. आणि बोलत म्हणजे काय, व्याख्यानच देत.

“आता साईच्या खोकल्याच्या औषधाचं सांगतो. बाटलीवर अस्वल काढलंय. अस्वलाचा आणि खोकल्याचा संबंध काय? मुलाला वाटतं खाऊ आहे, आईला वाटतं माया आहे, आणि कंपनीला ठाऊक असतं की बाजार आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा औषध कडू असायचं. परत प्यायला लागू नये म्हणून लोक बरे व्हायचे…”

तिथून गाडी औषधांच्या किमतींवर, किमतींवरून दिल्लीवर, दिल्लीवरून गणपतीतल्या ढोल-ताशांनी बधिर झालेल्या कानांवर, कानांवरून हल्ली कुणी कुणाचं ऐकत नाही यावर. नाजिमाकाकू होत्या तोवर हे सगळं त्या ऐकत. त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत भाजी निवडत बसायच्या आणि पडद्याआडून म्हणायच्या, “अहो, पेशंटला सोडा आता, त्याला ताप आहे.” त्या जाऊन चार वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून व्याख्यानं लांबली.

“आला का पॉडकास्ट?” लांबलचक हिरवी पट्टी दिसली की नम्रताचा नवरा योगेश विचारायचा.

“गप रे. डोस सांगितलाय त्यांनी.”

“कुठल्या अध्यायात?”

नम्रतानं युक्ती शोधली होती. बोटानं पट्टीवरचा ठिपका धरायचा आणि थेट शेवटाकडे ओढायचा. डोस नेहमी शेवटच्या अर्ध्या मिनिटात असे. दोन वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

जानेवारीतल्या त्या मंगळवारी दुपारी साईला एकशे दोन ताप होता. ऑफिसची मीटिंग लॅपटॉपवर चालू, साई मांडीवर, कपाळावर ओली घडी. तिनं डॉक्टरांना लिहिलं. वीस मिनिटांनी उत्तर आलं. आठ मिनिटं चाळीस सेकंद. तिनं ठिपका ओढला.

“…तर तेच सिरप, मागच्याइतकंच. सहा तासांच्या आत पुन्हा नाही. पाणी पाजत राहा. तिसऱ्या दिवशीही ताप राहिला तर घेऊन ये. बरं, ठेवतो.”

तिनं लिहिलं, ‘थँक यू काका, खूप आधार वाटतो तुमचा.’ पुढे दोन हात जोडलेले, एक लाल बदाम.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला.

त्या मंगळवारनंतर बारा दिवसांनी, रविवारी, साईचा खोकला रेंगाळलाय म्हणून ती कसब्यात गेली. दवाखान्याचं शटर अर्ध्यावर होतं. बाहेरच्या बाकावर सुंदराबाई बसल्या होत्या. पंचवीस वर्षं डॉक्टरांकडे नंबर लावणं, पुड्या बांधणं हे काम त्यांचं. आज त्यांच्या मांडीवर तो हिरवा पडदा होता, कड्यांसकट, आणि त्या एकेक कडी काढत होत्या.

“पेशंट बघत न्हाईत आता,” त्या मान वर न करता म्हणाल्या.

“कोण?”

“कोण म्हंजी? डॉक्टर. डोळा गेला त्येंचा. चांगला व्हता त्योच गेला. मी गावाला काय ग्येले आठ दिस, आन् हितं ह्ये होऊन बसलं.”

नम्रता साईला कडेवर घेऊन वाकून आत शिरली. डॉक्टर आपल्याच खुर्चीत बसले होते. कपडे नेहमीसारखे कडक इस्त्रीचे, फक्त शर्टाचं एक बटण खालच्या काजात गेलेलं. त्यांनी तिच्या खांद्याच्या जरा डावीकडे बघितलं.

“सुंदराबाई?”

“मी नम्रता, काका.”

“अरे वा. वारजे दरबार आज पेठेत!” ते उठू लागले, टेबलाची कड चाचपून पुन्हा बसले. “बस. साई आलाय? खोकतोय तो. ये रे, इकडे ये.”

साई गेला. डॉक्टरांनी त्याच्या पाठीला कान लावला. स्टेथोस्कोप टेबलावरच होता. बराच वेळ त्यांनी कान हलवला नाही.

“काही नाही,” ते म्हणाले. “खेळू दे. पण मी सांगतो म्हणून सोडू नकोस, जवळच्या कुणाला तरी दाखव. आता माझं ‘काही नाही’ चालायचं नाही.”

“काका, हे कसं झालं? कधी?”

“झालं. डोळ्यातला मागचा पडदा सुटला. आधी विजा चमकतात, मग काळं चढत जातं. लवकर गेलं तर चिकटवतात परत. मी शुक्रवारी डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेलो. खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, सोबत कोण आहे? मी म्हटलं, मी स्वतः डॉक्टर आहे. ती म्हणाली, आजोबा, डॉक्टर असा की कुणी असा, सहीला माणूस लागतं, उद्या घेऊन या.” ते हसले. “तिचं चूक नाही हो. नियम मीही सांगायचो लोकांना. आजूबाजूला बघितलं तर एकेका डोळ्यामागे तीन-तीन नातेवाईक, डबे घेऊन. या देशाची खरी संपत्ती म्हणजे माणसं, असं मी चाळीस वर्षं लोकांना ऐकवलं. माझ्या वाटणीची कुठे गेली, ते विचारायचं राहिलं.”

“मग?”

“मग शनिवार, रविवार. सोमवारी अख्तरबानू आली येरवड्याहून, माझी बहीण. दोन्ही गुडघ्यांवर पट्टे बांधून. तिनं सही केली. तोवर मधला भाग गेला होता. आता उजेड कळतो, माणूस उभं आहे एवढं कळतं. कोण आहे ते नाही.”

“अहो, पण मला एक फोन करायचा ना!” नम्रताचा आवाज चढला. “मी आले असते. मी काय परकी आहे का?”

टेबलावरचा पेपरवेट डॉक्टरांनी उगाच उचलून दुसरीकडे ठेवला. ज्या माणसाला गप्प बसलेलं तिनं उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, तो माणूस गप्प बसला होता.

“तुझं पोर आजारी होतं,” ते शेवटी म्हणाले, अगदी मऊ आवाजात. “मला कळत होतं. मी काही मनात धरलेलं नाही, नमू. खरंच नाही.”

मनात काय धरायचं, हे तिला कळलं नाही. साईनं पाण्यासाठी भुणभुण लावली, सुंदराबाई चहा घेऊन आल्या, आणि विचारायचं राहून गेलं.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. साई झोपला. डेक्कनच्या अलीकडे बस अडकली तशी नम्रतानं फोन काढला, डॉक्टरांच्या नावावर गेली, वरवर सरकवत त्या मंगळवारापर्यंत पोचली. आठ मिनिटं चाळीस सेकंद. त्याच्याखाली तिचे जोडलेले हात आणि बदाम. तिनं कानात इअरफोनची बोंडं घातली आणि पहिल्यांदाच सुरुवातीपासून ऐकायला लागली.

“…ताप वाईट नाही, घाबरू नकोस. घाबरणं हा तुझा जोडधंदाच आहे म्हणा. आता बघ, निवडणूक आली. चौकात फ्लेक्स लागलाय, मोफत नेत्रतपासणी शिबिर. उमेदवाराचा फोटो एवढा की मोतीबिंदूवाल्यालाही चुकवता येऊ नये. पूर्वीचा पुढारी दवाखान्याला जागा मिळवून द्यायचा, आताचा शिबिराला मांडव देतो. मांडव दुसऱ्या दिवशी सुटतो, दवाखान्याला रोज उघडावं लागतं, हा फरक. लोकांकडे पैसा आला, नाही असं नाही. पण आजारपणाची भीती त्याच्या दुपटीनं वाढली. घरात चार गाड्या आणि एका हॉस्पिटलच्या बिलावर सगळं डगमगतं, याला श्रीमंती म्हणायची का? असो.”

पाचवं मिनिट लागलं होतं. मागे तांबटांच्या हातोड्यांचा आवाज येत होता.

“आता डोळ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. परवापासून माझ्या उजव्या डोळ्यात विजा चमकतायत. आज सकाळपासून खालून काळं चढतंय. हे काय आहे ते मला कळतं, तीन पेशंट मीच धाडले होते असे. डावा डोळा लहानपणापासून नावालाच आहे. एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर वाचेल. सुंदराबाई गावाला गेल्यात, अख्तरबानूला जिना उतरवत नाही. तर उद्या सकाळी दहा वाजता… तुला जमलं तर… साईला ताप आहे, मला कळतंय, योगेशराव घरी थांबत असतील तर म्हणतो मी. सोबत माणूस लागतं म्हणे. नाही जमलं तरी काही नाही, हां. तर मी काय सांगत होतो, शिबिर…”

आवाज पुन्हा मूळ पट्टीवर आला, जरा जास्तच मोठा झाला, आणि मराठी माणूस उत्सवावर खर्च करतो पण दातांवर करत नाही, या विषयावर गेला.

नम्रतानं झोपलेल्या साईला उचललं आणि डेक्कनला उतरून समोरची रिक्षा केली.

“आई, घर तिकडे आहे,” साई डोळे चोळत म्हणाला.

“हो. आपल्याला काकांना एक सांगायचं राहिलं.”

काय सांगायचं, याचा मात्र तिला पत्ता नव्हता. त्यांच्या मनात होतं की हिनं ऐकलं आणि आली नाही. ते तसंच राहू दिलं तर ती आजारी पोराची आई ठरत होती. खरं सांगितलं तर दोन वर्षं तुमचं बोलणं मी बोटानं पुढे ढकलत आले, हे सांगावं लागणार होतं. एकट्या माणसाला यातलं जास्त काय लागेल? रिक्षा लक्ष्मी रोडच्या गर्दीत रांगत होती, तरी तिला वाटत होतं फार भरभर चाललीय.

डॉक्टर तसेच खुर्चीत होते. समोरचा चहाचा कप तसाच, त्यावर साय.

“काका, नम्रताच. मी परत आले.” तिनं साईला समोरच्या खुर्चीत बसवलं. “तुमचा तो मंगळवारचा मेसेज. मी ऐकलाच नव्हता. डोस शेवटी असतो म्हणून मी फक्त शेवट ऐकला. नेहमीच तसं करते. आत्ता बसमध्ये ऐकला पहिल्यांदा.”

“माइक निळा झाला होता की,” डॉक्टर म्हणाले. “ऐकलं की तो निळा होतो.”

“शेवटचं अर्धं मिनिट ऐकलं तरी होतो, काका.”

बाहेर कुणीतरी हातगाडी ओढत नेली. डॉक्टरांनी चष्मा काढला. आता त्याचा उपयोग नव्हता, तरी ते घालतच होते. रुमालानं काचा पुसल्या, परत घातला.

“म्हणजे ऐकूनही आली नाहीस, असं नाही.”

“नाही हो. देवाशपथ नाही.”

“बारा दिवस मी तुझ्या बाजूनं वकिली करतोय,” ते म्हणाले. “पोर आजारी, नवऱ्याची नोकरी, वारज्याचा ट्रॅफिक. रोज नवा मुद्दा काढायचो. रात्री मात्र केस हरायचो.” मग त्यांनी मोठा श्वास सोडला. “बरं झालं आलीस.”

तिला रडू आवरेना. डॉक्टर हवेत हात चाचपत तिच्या डोक्यापर्यंत पोचले आणि दोनदा थोपटून म्हणाले, “पुरे. पोरगं बघतंय. त्याला वाटेल, इंजेक्शन दिलं.”

डोळा काही परत आला नाही. दवाखान्याची पाटी उतरली. पण डॉक्टर सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ शटर वर करून त्याच खुर्चीत बसतात. नम्रता शनिवारी जाते, वर्तमानपत्र वाचून दाखवते. अर्धं वाचून होत नाही तोच ते थांबवतात आणि सुरू होतात, अर्थखात्यापासून आमटीतल्या गुळापर्यंत. ती ऐकते. सगळं ऐकते. पण शनिवार आठवड्यातून एकदाच येतो, आणि वारजं लांब आहे. म्हणून ती भेटेल त्याला सांगत सुटली आहे, आणि हे वाचत आहात तर तुम्हालाही सांगते आहे: मंगळवारी, बुधवारी, कसब्यातून कधी जाणं झालं, तर तांबट आळीच्या तोंडाशी जरा डोकावून या. ते ठीक आहेत ना, बघून या. जेवले का, विचारा. घाईत असाल तर नका जाऊ, वेळ काढून जा.

आणि आत गेल्यावर आधी आपलं नाव सांगा.